कसर लागलेले चार देव

मित्रांनो, मी एक जुना लोकरी पडदा आहे, भिंतीवर टांगायचा. जुना म्हटल्याबरोबर नाक मुरडू नका. माझ्या अंगावर चार देव आहेत, आणि एकेकाळी मला बघायला लोक शेजारच्या गावांतून यायचे. हसायला यायचे, हा भाग वेगळा.

माझा जन्म गिझाजवळच्या विणकरांच्या गावात, कालव्याकाठच्या एका अंगणात झाला. समीहा नावाच्या बाईने मला विणलं. तिची थोरली नणंद नबविया शेजारी बसून रंगवलेली लोकर गुंडाळून द्यायची. समीहाचे हात चालायचे आणि नबवियाची जीभ.

आमच्या गावची रीत अशी, की कागदावर आधी काही काढायचं नाही. मनात चित्र आणायचं आणि थेट मागावर बसायचं. आणि एकदा विणलं ते उसवायचं नाही, कितीही चुकलं तरी. पडदा विणतात खालून वर. विणून झालेला भाग खालच्या दांड्यावर गुंडाळत जातात, त्यामुळे मागे काय विणलं ते पडदा उतरेपर्यंत दिसत नाही.

समीहाने जुने, प्राण्यांच्या तोंडांचे देव विणायला घेतले. चौघांचे पाय झाले, कपडे झाले, खांदे झाले, आणि समीहा बाळंत झाली. मुलगी झाली. तिचं नाव वागिदा. बाळंतपण उरकून समीहा मागावर परतली तेव्हा नुसती डोकी राहिली होती. समोर चौघांचे खांदे, बाकी सगळं गुंडाळलेलं. कोण कुठे उभा आहे हे काही केल्या तिला आठवेना.

“वन्सं, डावीकडून पहिला कोण हो?” तिने विचारलं.

“मला काय विचारतेस? देव तुझे, डोकं तुझं.”

मग काय, बसवली डोकी अंदाजाने. मागावरून उतरवून मला अंगणात उलगडलं आणि सगळं अंगण हसून हसून लोळायला लागलं. बास्तेत ही मांजराच्या तोंडाची देवी. तिच्या घोळदार हिरव्या झग्यावर बसलं होतं अनुबिसचं, म्हणजे कोल्ह्याचं तोंड. अनुबिसच्या पिळदार छातीवर मांजर मिशा फेंदारून बसलं होतं. ससाण्याच्या तोंडाचा होरस मगर होऊन बसला होता आणि मगरीच्या तोंडाचा सोबेक ससाणा.

“समीहा, या कोल्ह्याचं लग्न ठरलंय का गं?” नबविया म्हणाली. “नटलाय बघ कसा!”

समीहा रडवेली झाली, पण रीत म्हणजे रीत. उसवलं नाही. मला विणकामाच्या ओसरीत टांगलं. शाळेतली पोरं यायची आणि कुठलं डोकं कुणाचं यावरून भांडायची. मला फार आवडायचं ते. दर वसंतात, शम अल-नसीमच्या सणाआधी, मला उतरवून उन्हात घालायचे, काठीने झोडपायचे. मार खाऊनही मी खूश असे.

पुढे ओसरी पाडून नवी बांधली आणि मी गेलो पेटीत. समीहाची नजर अधू झाली. वागिदा आता स्वतः मागावर बसायची, तिला सवड नव्हती. किती वसंत आले नि गेले, मला कुणी बाहेर काढलं नाही. आणि मला कसर लागली.

मित्रांनो, अळ्या इवल्याशा, पण भूक बघावी त्यांची! माझा उभा ताणा सुती, तो त्यांना नको. आडवा बाणा लोकरीचा, तो त्यांना पक्वान्न. आधी कोल्ह्याचं नाक गेलं, मग मांजराच्या मिशा. मी चौघांना म्हणालो, अहो, काहीतरी करा, देव ना तुम्ही? कोल्हा तर मेलेल्यांचा राखणदार म्हणवून घेतो. एकाने बोट हलवलं असेल तर शपथ.

यंदा सणाच्या दिवशी पेटी उघडली. बाहेर खारवलेल्या मासळीचा आणि कांद्याचा घमघमाट, आणि आतून भुर्रकन उडाले त्या अळ्यांचे झालेले पतंग. मला उलगडलं. चार अंगं शाबूत आणि चारही डोक्यांच्या जागी नुसते सुती धागे.

“जाळा याला,” नबविया म्हणाली. “नवी लोकर शेजारीच आहे. तिला कसर लागली तर वागिदाचं वर्षभराचं काम मातीत.”

 खरं तर तिचं काही चुकत नव्हतं.

“आत्या, पण डोकीच का खाल्ली असतील?” वागिदा म्हणाली.

“रागाने. आपल्या पूर्वजांनी बेडकाला देव केलं, विंचवाला देव केलं, शेण लोटणाऱ्या किड्यालासुद्धा देव केलं. या बिचाऱ्या कसरीला कुणी विचारलं का? राग येणारच.”

जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. समीहा हसली नाही. ती मला चाचपत होती.

“वन्सं, मी एवढी वर्षं विणलं, डोकी कधी चुकली नाहीत,” ती म्हणाली. “वागिदा झाली तेव्हाच चुकली. मांडीवर ही होती, डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. ती चूक हिच्या जन्माची आहे. जाळू नका हो.”

 मग नबवियानेच मला उचललं, लोकरीपासून लांब, तापलेल्या गच्चीवर नेलं आणि एकेक अळी झटकेपर्यंत झोडपलं. तेव्हा कुठे मला खाली आणलं.

वागिदा सुई घेऊन बसली.

“आता उसवायचं पाप तर पतंगांनी केलंय,” नबविया म्हणाली. “निदान या वेळी बरोबर डोकी बसव.”

“छे, होती तशीच. आईने बसवली तशी.”

कोल्हा पुन्हा हिरव्या झग्यात आला, मांजराला मिशा फुटल्या, मगर जागेवर बसली. चौथं डोकं झालं तेव्हा समीहाने त्यावरून बोटं फिरवली. ससाण्याची चोच लागेना. लागल्या दोन बारीक मिशा आणि केसाळ कपाळ.

“अगं, हे कोण?”

“कसरीचा पतंग,” वागिदा म्हणाली. “कसरीमुळे तर मला तुझ्याच धाग्यांवर विणायला मिळालं. एक चूक माझीपण राहू दे.”

समीहा इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नबविया म्हणाली, “घ्या, झाली कसर एकदाची देवी! आता तरी पोटभर जेवू द्याल का आम्हाला?” आणि सगळ्या मासळी खायला बसल्या.

तर मित्रांनो, घरातली लोकर वर्षातून एकदा बाहेर काढा, उन्हात घाला, झोडपा. देवांच्या भरवशावर ठेवू नका. माझ्याकडे चार होते.