जीपच्या घशातला निळा धागा

मित्रांनो, मी एका जुन्या जीपगाडीचा कार्बोरेटर आहे. नाव भारदस्त असले, तरी आकाराने मी पाण्याच्या तांब्याएवढा. पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला भरवायचे, एवढेच माझे काम. लढाईच्या दिवसांत परदेशात माझा जन्म झाला. लढाई संपली आणि बंगळूरच्या लष्करी लिलावात आमची जीप उपेंद्ररावांनी घेतली.

उपेंद्रराव विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. जीप मात्र त्यांच्या पत्नी, डॉक्टर सुलभाबाई, चालवत. दर गुरुवारी त्या आनेकलपलीकडच्या खेड्यांत दवाखाना भरवत. वाट कसली, नुसते दगड आणि ओढे! पण मी कधी कुरकुर केली नाही. "गुणाची गं माझी जीप," असे त्या म्हणाल्या, की मला धन्य वाटे.

१९५८ साली मात्र मला खोकला जडला. चढ आला की जीप आचके देई आणि बंद पडे. एका गुरुवारी तर आम्ही बेळ्ळंदूरच्या तळ्यापाशीच अडकलो. तिकडे खेड्यात दिवस भरलेली एक बाई वाट पाहत होती. सुलभाबाई मिळेल त्या बैलगाडीने पोचल्या, तोवर बाळ जन्मून, रडून झोपीही गेले होते. मायलेकरे सुखरूप होती, ही देवाची कृपा. घरी येऊन त्या म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी गाडी धड नसेल, तर मी हे काम सोडते. लोकांना आशेला लावायचं आणि पोचायचं नाही, हे मला जमणार नाही."

उपेंद्ररावांनी कंबर कसली. ट्रकचा मोठा कार्बोरेटर बसवावा, की विमानासारखे पेट्रोल पंपाने थेट इंजिनात फवारावे? तीन दिवस नुसत्या आकृत्या!

"अहो, मला उडायचं नाही, आनेकलला जायचंय," सुलभाबाई म्हणाल्या.

शेवटी ट्रकचा कार्बोरेटर घरी आला. त्याचे चकचकीत अंग पाहून मी ओळखले, आता आपण भंगारात.

तो बसवायला निपाणीकडचे मल्लाप्पा मिस्त्री आले. "स्वल्प थांबा, साहेब. ह्याचा घसा तरी बघू की," ते म्हणाले. त्यांनी मला उघडले आणि माझ्या बारीक भोकातून सुईने निळ्या धाग्यांचा पुंजका काढला. "पेट्रोल कशातनं गाळताय? असलं गाळलासा तर नवापण आठ दिसांत खोकतोय बघा."

उपेंद्ररावांनी मोठ्या अभिमानाने एक निळे फडके आणून दाखवले. सुलभाबाई बघतच राहिल्या.

"माझी इरकल साडी! दिवाळीपासून शोधतेय मी!"

"जुनी वाटली गं," साहेब पुटपुटले.

"मला विचारलंत?"

साहेबांनी फडक्याची घडी घालून ती त्यांच्या हातात दिली. ट्रकचा कार्बोरेटर दुकानात परत गेला आणि घरात मऊ कातड्याचे गाळणे आले. गुरुवारी मी एकदाही न खोकता सगळे चढ चढलो. उरलेल्या इरकलीची कुंची शिवून सुलभाबाईंनी त्या बाळासाठी नेली होती. ती घातलेले बाळ पाहून मी सगळे दुखणे विसरलो.

तेव्हा मित्रांनो, तुमची एखादी जुनी वस्तू खोकू लागली, तर नवी निवडण्याआधी तिच्या घशात एकदा डोकावून पाहा. माझ्या घशात काय अडकले आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पण सुलभाबाईंसारखेच, मलाही कोणी विचारले नव्हते.