तुळसाबाईची शिकवणी

एकोणीसशे बासष्ट सालच्या भाद्रपदात, दारव्ह्याच्या आमच्या घरात, माझे यजमान आपल्या आईपुढे पितळी लोटा उंच धरून उभे होते.

"धिस इज अ पॉट," ते म्हणाले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई तुळसाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी लोट्याकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "इंदे, पाणी दे वं त्याले. कव्हाचा लोटा धरून उभा हाय."

मी पदरात तोंड लपवून हसले. यजमानांना हसू आलं नाही.

त्यांचं नाव भीमराज, पण सारं गाव मास्तर म्हणे, म्हणून मीही मास्तरच म्हणायची. ते हायस्कुलात इंग्रजी शिकवत. आमच्या वस्तीतले पहिले बी. ए. त्यांनी पेपरातली जाहिरात पाहून इथिओपिया देशात इंग्रजी शिकवण्यासाठी अर्ज केला होता. अर्ज मंजूर झाला आणि नागपूरला बोलावणं आलं. तिथे मुलांपुढे एक धडा शिकवून दाखवायचा होता. अट एवढीच की इंग्रजीखेरीज एक शब्द बोलायचा नाही. तिकडच्या मुलांना मराठी कुठून येणार?

इथेच मास्तरांचं अडलं. दहा वर्षं त्यांनी 'काऊ म्हणजे गाय' असंच शिकवलं होतं. मग त्यांनी ठरवलं, घरातच सराव करायचा. मला सातवीपर्यंतचं थोडं इंग्रजी येत होतं, म्हणून मी बाद. राहिल्या आत्याबाई.

रोज संध्याकाळी वर्ग भरे. मास्तर स्वतः उठून 'स्टँड अप' म्हणत, बसून 'सिट डाऊन' म्हणत, दारापर्यंत जाऊन मला हाताने बोलावत 'कम हिअर' म्हणत. दगड दाखवत, काटा दाखवत. आत्याबाई सुपारी कातरत मुकाट बसत. "समजलं का, माय?" असं न राहवून मराठीत विचारलं, तर म्हणत, "मले काय समजते बाप्पा! मी आडाणी बाई."

सतराव्या दिवशी मास्तरांनी इंग्रजीत पत्र लिहिलं आणि पाकीट माझ्या हाती दिलं.

"टपालात टाक."

"काय लिहिलं आहे?"

"मला शिकवता येत नाही, माझं नाव काढा, असं लिहिलं आहे. घरचं एक माणूस पाच शब्द शिकलं नाही. परक्या मुलखात जाऊन काय करू?" एवढं बोलून ते शाळेत गेले.

मी पाकीट आणि आत्याबाईंची भाकर घेऊन निघाले. त्या गावालगतच्या वावरात निंदणाला, म्हणजे तण काढायला, गेल्या होत्या. भाकर देऊन पुढे पोस्टात जावं, असा बेत. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, पोचले तर बायांचा खिदळण्याचा आवाज.

"सुखीबाई, स्टँड अप!"

कपाशीतून बंजारा तांड्यावरची सुखीबाई ताठ उभी राहिली.

"हंसाबाई, कम हिअर!"

शेजारची हंसाबाई खुरपं घेऊन पळत आली. समोर आत्याबाई! हातात दगड. मास्तरांसारखीच मान तिरकी, मास्तरांसारखंच आधी खाकरणं.

"व्हॉट इज धिस?"

"धिस इज अ स्टोन!" सात-आठ बाया एका सुरात ओरडल्या. साऱ्या वेळात आत्याबाईंच्या तोंडून मराठीचा एक शब्द निघाला नव्हता.

मला पाहताच त्यांनी दगड टाकला.

"तू कव्हाची उभी हायेस वं?"

"आत्याबाई, तुम्हाले तं सारं येते!"

"न यायले काय झालं? पहिल्याच दिशी आलं. पोरगा शिकवतेच तसं."

"मंग घरी काहून मुक्या बसता?"

त्या खाली बसून गवत उपटू लागल्या. "मले आलं म्हणजे तो चालला. बाजूच्या नेरले गेला तं सांजीले घरी येते. तो मुलूख कोन्या अंगाले हाय, हेबी मले ठाव नाही."

"आता नाही जात ते." मी पाकीट दाखवलं. "मले शिकवता येत नाही, असं लिहिलं त्यांनी."

आत्याबाईंचा हात थांबला. "असं लिवलं? माह्या भीमराजनं?" त्यांनी पाकीट ओढून घेतलं, चार तुकडे केले आणि चालू लागल्या. अर्धी पात, म्हणजे निंदणाची ओळ, सोडून त्यांना उठलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मागून सुखीबाई, हंसाबाई आणि मी.

आठवीच्या वर्गात मास्तर 'फार्मर म्हणजे शेतकरी' सांगत होते. खिडकीतून आवाज आला, "भीमराज! कम हिअर!"

वर्ग हसण्याने फुटला. मास्तर खडू घेऊनच बाहेर आले. गलका ऐकून हेडमास्तर यज्ञेश्वरराव आले. त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

"बाई, हा काय प्रकार आहे?"

आत्याबाईंनी अंगणातला दगड उचलून त्यांच्यापुढे धरला. "व्हॉट इज धिस?"

हेडमास्तर गोंधळले. "धिस... धिस इज अ स्टोन."

"ह्यायलेबी येते वो!" हंसाबाईने टाळी वाजवली, आणि यज्ञेश्वरराव पोट धरून हसले.

आत्याबाई लेकाकडे वळल्या. "सतरा दिवस मी लबाडी केली. तुले शिकवता येते. जाय."

"माय, तू इथं एकटी कशी राहशीन?"

"छप्पनले मी नागपूरले दीक्षा घ्याले गेलती, घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले, ते कोणाले इचारून? तू कायले इचारून राह्यला?" मग पदर खोचत म्हणाल्या, "माही पात अर्धी राह्यली. मले जाऊ दे."

त्या संध्याकाळी आमच्या अंगणात बायाच बाया. मास्तर काठी घेऊन शिकवत होते आणि आत्याबाई चुकलेल्यांना दटावत होत्या. नागपूरचा धडा चांगला झाला. जानेवारीत मास्तर इथिओपियाला गेले, दोन वर्षांनी मलाही नेलं. आत्याबाई आल्या नाहीत. "तिथं मले निंदाले कोण बलावते?" म्हणाल्या.

मास्तरांनी तिकडे नऊ वर्षं शिकवलं. परत आल्यावर ते नेरला हेडमास्तर झाले. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. यज्ञेश्वरराव निवृत्त होऊन अमरावतीला मुलाकडे गेले. सुखीबाई शेवटपर्यंत तांड्यावरच होती, नातवंडांना 'सिट डाऊन' म्हणून दटावत असे म्हणतात.

आत्याबाई सदुसष्ट सालच्या थंडीत गेल्या. पत्र आम्हाला बावीस दिवसांनी मिळालं. रजा काढून आम्ही मे महिन्यात आलो, तेव्हा वाटलं, घर धुळीने भरलं असेल. हंसाबाई दारातच होती, कोपरापर्यंत शेणाने हात भरलेले. निंदणाच्या बायांनी घर राखायचे वार वाटून घेतले होते, आज तिची पाळी होती. घर सारवून नुकतंच झालं होतं.

आम्ही चपला काढल्या आणि जमीन वाळेपर्यंत दाराबाहेर उभे राहिलो.