डावी पुडी

सरूनं उत्तरपत्रिका उलटी केली, पुन्हा सुलटी केली. बाकी उत्तरांवर बरोबरच्या खुणा होत्या. शेवटच्याला मजीद सरांनी ना बरोबर म्हटलं होतं, ना चूक. खाली लाल शाईत एवढंच: कशावरून?

प्रश्न तसा घरचाच होता. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावली की आवाज खोल का होतो? तिनं लिहिलं होतं, कणकेच्या ओलीनं कातडं सैल पडतं. करमाडात कुणालाही विचारलं तरी हेच सांगितलं असतं. तिचे वडील बन्सी गावच्या सप्ताहात पखवाज वाजवत, आणि कणीक मळून द्यायचं काम तिचंच.

"सर, चुकलंय का?"

"मला काय विचारती बेटा? पखवाज तुझ्या घरी है." सर हसले. "भौतिकशास्त्राच्या वरच्या वर्गात मी कुणाला घेत नाही, कुणाला काढत नाही. झेपंल असं ज्याला वाटतं, त्यानं सोमवारी येऊन बसायचं. मात्र मधून उठून जायचं नाही."

शेंद्रा मागं पडलं तरी एसटीत तो एकच शब्द तिच्यासमोर होता. बाकीची उत्तरं तरी तिला कशावरून ठाऊक होती? पुस्तकात होती म्हणून.

घरी येताच तिनं पखवाज मागितला. "सप्ता चाललाय," बन्सी म्हणाला. "देवाच्या वाद्यावर परीक्षा नाय घ्यायची." डावी पुडी त्यानं सप्ताहासाठीच पैठणहून नवी चढवून आणली होती. रोज कीर्तन सुटलं की कणीक काढून तो ती धोतराच्या सोग्यानं अशी पुसायचा, जसं लेकराचं तोंड.

रविवारी काल्याचं कीर्तन झालं. दहीहंडी फुटली, विठ्ठलनामाच्या गजरात लाह्या उधळल्या गेल्या, पंगती उठल्या. घरी आल्यावर बन्सीनं पखवाज आपण होऊन तिच्यापुढं सरकवला.

"घे. सरली सेवा."

सरूनं कणीक खरवडून काढली, पुडीवर नुसतं ओलं फडकं फिरवलं आणि थाप मारली. आवाज किंचित उतरला, पण घुमला नाही. पुन्हा मारली. ओल होती, घुमारा नव्हता.

"म्हंजे वजनानं असंल," ती स्वतःशीच म्हणाली. "कोरडं कायतरी चिकटवाया पायजे, अप्पा. मेणासारखं."

"मेण?" तिची आई भागूबाई चुलीपासून ओरडली. "कातड्यात मुरलं की निघत नाय ते. परत कणीक धरायची नाय पुडी. ह्या पोरीला सांगा कुणीतरी!"

सरूनं हात मागं घेतला. बन्सी उठला, बायकोच्या फणेरपेटीतून कुंकवाखाली लावायच्या मेणाचा गोळा काढला आणि लेकीच्या हातावर ठेवला.

"माझं मेण!" भागूबाई म्हणाली.

"लाव," बन्सी म्हणाला. "जुनीच झाली ती पुडी."

सरूनं त्याच्याकडं पाहिलं. तो खुंटीवरचे टाळ नीट करत होता. तिनं पुडी वाळू दिली, मेण तळव्यात मऊ केलं, मधोमध दाबून बसवलं. थाप पडली आणि आवाज घरभर खोल घुमत गेला, काल्याला घुमला होता तसाच. भागूबाईच्या हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहिली.

सरूनं उत्तरपत्रिका काढली आणि आपलं उत्तर आडव्या रेघेनं खोडलं.

सोमवारी ती निघाली तेव्हा बन्सी ओट्यावर बसून पखवाजाच्या वाद्या सैल करत होता. डावी पुडी निम्मी उतरली होती. तिच्या मेणाच्या डागाभोवतीचं कातडं अजून पांढरंशुभ्र होतं.

ती थांबली.

"पहिली गाडी गाठ," तो मान वर न करता म्हणाला. "वर्गात पुढं जागा मिळंल."