बाबांच्या आवाजाची बटणं

घशाच्या ऑपरेशनात बाबांचा आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून धाकट्या मुलाने त्यांना समोर बसवून त्यांची रोजची वाक्यं रेकॉर्ड केली आणि कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम लिहिला. चित्रावर बोट ठेवलं की बाबा बोलत. कपावर ठेवलं की, "बये, हा चहा की काढा?"

पुढे धाकटा अपघातात गेला. आणि परवा कॉम्प्युटर आपणहून अपडेट झाला, तशी सगळी चित्रं गप्प झाली. बाबा दुसऱ्यांदा मुके झाले.

थोरली शिवणकाम करणारी. प्रोग्राममधलं तिला ओ की ठो कळेना. अडलं की धाकटा ज्या ऑनलाइन मंचावर विचारायचा, तिथेच तिने सगळी हकिगत लिहिली.

"विचारण्याआधी शोधायला काय होतं?" एकाने फटकारलं.

"एवढं पुराण कोण वाचणार?" दुसरा म्हणाला.

'घुबड' नावाने लिहिणारा मात्र मायाळू निघाला. "ताई, घाबरू नका. बिघाड दिसण्यापुरतं ठेवा, बाकीचं काढून टाका. उरेल ते इथे चिकटवा."

कागदाचा नमुना कापल्याशिवाय ती कापडाला कधी कात्री लावत नसे. पण इथे कागद कुठला नि कापड कुठलं, हे तिला कोण सांगणार? ती मूळ प्रोग्रामच कापत बसली. एकेक चित्र काढलं, त्यामागचं रेकॉर्डिंग काढलं. सगळ्यात छोटं तेवढं ठेवलं, ते मंचावर चिकटवलं. शेवटी, टेबलावरच्या चिंध्या झाडाव्यात तशी, कॉम्प्युटरमधली कचरापेटीही रिकामी केली.

"शाब्बास! इतकं नेटकं इथे कुणी विचारत नाही," घुबडाने लिहिलं. खाली दुरुस्तीची एक ओळ होती. तिने ती जशीच्या तशी उतरवली.

"बाबा, या लवकर!"

बाबा लगबगीने आले. पडद्यावर आडव्या हाताचं एकच चित्र होतं. त्यांनी बोट ठेवलं.

"नको," बाबा म्हणाले. तोच खणखणीत आवाज.

तिला हसूही आलं नि रडूही. घाईघाईने तिने लिहिलं, "चाललं! आता बाकीची चित्रं परत कशी आणू?"

घुबडाचं उत्तर आलं.

"ताई, मूळ प्रत बाजूला ठेवली होती ना?"

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

बाबा अजून खुर्चीतच होते. कप जिथे असायचा, त्या रिकाम्या जागी ते बोट ठेवत होते. उचलत होते, पुन्हा ठेवत होते.