वरच्या टाकीचा उलटा व्हॉल्व्ह

तीन गावं मिळून एक नगर झालं. कागदावर हो, कागदाला काय, तीन काय नि तेरा काय! पाटी एक लागली, ऑफिस एक झालं आणि पाणी सोडणाऱ्याची जागाही एकच उरली. मधल्या गावचा पाणीवाला निवृत्तीलाच टेकलेला, तो सुटला. राहिले दोघं. वरच्या गावचे मामा आणि खालच्या गावचा त्यांचा सख्खा जावई. घ्या!

साहेबांनी तोडगा काढला. सोमवारी दोघांनी एकमेकांच्या गावात पाणी सोडून दाखवायचं, ज्याला जमेल त्याची नोकरी.

आता वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह होता उलटा. जगातले सगळे डावीकडे फिरवले की उघडतात, हा उजवीकडे. बसवणाऱ्याने काय खाऊन बसवला होता, देव जाणे. सव्वीस वर्षं त्याला मामांशिवाय कुणाचा हात लागला नव्हता, त्यामुळे ही गोष्ट दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती.

"सांगून टाका जावयाला," मामी म्हणाली. "लेकीचा संसार आहे."

"आणि आपला?"



सोमवारी मामांनी खालच्या गावात पाणी सोडलं, तिथे काही अडचण नव्हती. मग सगळे वरच्या टाकीवर आले. जावयाने व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी हातात घेतली, आणि मामांना राहवलं नाही.

"जावईबापू, उजवीकडे फिरवा हं. उलटा आहे तो," ते म्हणाले आणि हसले.

मामांची थट्टा पंचक्रोशीत प्रसिद्ध. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत त्यांनी पाइपाला गारठा बाधतो म्हणून जावयाकडून रजई आणवली होती. सगळं गाव पोट धरून हसलं होतं.

"का मामा, रजई आणू का?" जावई म्हणाला आणि त्याने चावी डावीकडे फिरवली. हलेना. मग त्याने चावीच्या दांड्यावर लांब नळी चढवली आणि अंगाचा भार टाकला. मामा दोन पावलांवर उभे होते. व्हॉल्व्हचा दांडा काडकन तुटला.

वरच्या गावाला दोन दिवस पाणी नव्हतं. नोकरी मामांना मिळाली. साहेब म्हणाले, अनुभव तो अनुभवच.

बुधवारी लेक आली. बसली नाही.

"बाबा, तुम्ही सांगितलं होतं, हे ते कबूल करतात. पण सांगताना हसलात कशाला?"

"अगं, सवय माझी."

"मग ते जोर लावत होते तेव्हा? तेव्हा कुठे हसत होतात तुम्ही?"

मामांना फार वाईट वाटलं. लेक पाण्याचा घोटही न घेता निघाली. मामी फाटकापर्यंत तिच्यामागे गेली आणि एकटीच परत आली.

साडेचारला खालच्या गावचं पाणी सोडायचं होतं. मामांनी चावी खांद्यावर टाकली आणि त्याच रस्त्याने, लेकीच्या मागून, अंतर राखून चालायला लागले.