एका निळ्याचा नमुना

मागच्या डाव्या मडगार्डवर नवा निळा रंग संपून जुना सुरू होतो, तिथे रंग मोजायच्या यंत्राने फरक दाखवला शून्य पूर्णांक सहा. एकाच्या आतला फरक माणसाच्या डोळ्याला सहसा कळत नाही. मी तीन ठिकाणी मोजलं. तिन्ही वेळा एकाच्या आत.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?" बाबांनी विचारलं. "जेवलं का ते?"

"बरोबर आहे म्हणतंय."

"मग एवढा वेळ काय करत होतं? मी मघाशीच बघितलं."

ही दोन आसनी गाडी हॉलंडमधल्या एका छोट्या कारखान्यात हाताने बांधलेली. प्रत्येक मालकासाठी तिथे वेगळा रंग बनवत. सरोजिनीबाईंच्या यजमानांनी हा निळा तिथे दोन दिवस बसून ठरवला होता. आता यजमान नाहीत, आणि तो कारखानाही बंद झाला. रंगाचं सूत्र कुणाकडे नाही. त्यात मोत्याच्या चमकेची पूड आहे, तिची छटा पाहण्याचा कोन बदलला की बदलते. माझं यंत्र एकाच कोनातून बघतं. म्हणून शेवटी जुन्या रंगाच्या शेजारी धरूनच जुळवावं लागतं.

बाबा आधी लालबागच्या मिलमध्ये रंगखात्यात होते, नंतर शिवडीत हे गॅरेज. सावलीत न्यायचं, डोळा बारीक करायचा, एकदाच बघायचं, हे त्यांनी मला शाळेत असताना शिकवलं. मी रसायनशास्त्राकडे वळले ती त्यामुळेच.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. साखरेने बाबांच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय, निळ्यातले फरक आधी जातील, ते परत येणार नाहीत. बाहेर बाकावर बाबा बसले होते. मी त्यांना सांगितलं, नंबर वाढलाय.

तेव्हापासून ते संध्याकाळी रंग मिसळतात आणि मी सकाळी लॅबला जाण्याआधी येऊन त्या डब्यातला रंग दुरुस्त करते. सुरुवातीला फरक तीन-चार असायचा. या गाडीच्या वेळी नऊ होता.

दुपारी सरोजिनीबाई कफ परेडहून आल्या. मडगार्डवरून त्यांनी दोनदा हात फिरवला.

"वसंतराव, कुठे घासलं होतं ते मलाच सापडत नाहीये."

"सापडलं असतं तर मी गॅरेज बंद केलं असतं."

त्या हसल्या. मग बॉनेटकडे बघत म्हणाल्या, "ह्यांनी हौसेने उन्हात उभी केली, बघा रंग किती उडालाय. सगळीच नव्याने करता का? दुसऱ्या कुणाकडे द्यायचा धीर नाही होत."

"करू की," बाबा म्हणाले. "जुना सगळा उतरवू, म्हणजे एकसारखी येईल."

त्या गेल्यावर बाबांनी बादलीत पाणी भरलं आणि पॉलिश पेपर भिजत टाकला. कितीतरी महिन्यांनी ते शीळ घालत होते.

"आत्ताच?" मी विचारलं.

"मग काय मुहूर्त काढू? दरवाज्यापासून धरतो."

"उन्हाने न उडालेला मूळ रंग दरवाज्यावरच तेवढा राहिलाय. एक तुकडा तरी नमुना म्हणून ठेवा."

"नमुना कशाला, बाय?" त्यांनी पेपर निथळवून त्याची घडी केली. "माझ्या डोळ्यात आहे तो."

हे मस्करीत नव्हतं. मीच त्यांना तसं वाटू दिलं होतं, रोज सकाळी, डब्यात थेंब थेंब घालून. आता तो दरवाजा खरवडला की जुळवायला माझ्याकडेही काही उरणार नव्हतं, आणि सरोजिनीबाईंकडेही.

त्यांनी डावा हात दरवाज्यावर सपाट ठेवला, घासण्याआधी ठेवतात तसा. मी मधे जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"आता काय मोजायचं राहिलं?"

"काही नाही. बाबा, तुम्हाला निळा दिसत नाही. दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, मी तुमच्यापासून लपवलं. डबे मी दुरुस्त करते, सकाळी येऊन." त्यांचं मनगट ओलं होतं. मी ते सोडलं नाही. "ही गाडी तुम्ही रंगवायची नाही. यापुढे कुठलीच नाही."