केबिनमधला चोर

आमचे शालिग्रामशेठ लिंबायतला यंत्रमागावर कामगार म्हणून लागले आणि पुढे साड्यांच्या डिझाइन स्टुडिओचे मालक झाले. सत्त्याण्णव साली त्यांनी उधन्यातल्या स्टुडिओत सर्व्हर बसवला. सगळी डिझाइनं त्यात ठेवायची आणि ज्याला हवी त्याने आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. कोणी आत आलं की सर्व्हर नोंद करतो, बाहेर गेलं की तीही करतो. सोसायटीचा वॉचमन करतो तेवढंच. बसवणाऱ्याने कौतुकाने हा लॉग दाखवला आणि शेठची झोप उडाली.

मी, नूतन, तिथली ऑपरेटर. रोज सकाळी लॉगची प्रिंट काढून शेठना मराठीत समजावणं माझ्या नशिबी आलं. पानभर एकच रड: जोडणी झाली, प्रवेश मिळाला, जोडणी बंद. आणि बहुतेक ओळींपुढे एकाच कॉम्प्युटरचा नंबर.

"नूतन, कोन शे हाऊ?" शेठ घाबरले की थेट अहिराणीत शिरत.

"शेठ, हा कोणी परका नाही, हा नंबर तुमच्याच केबिनमधल्या कॉम्प्युटरचा आहे. डिझाइनं जागेवर आहेत का ते तुम्ही सारखं उघडून बघता ना? दर वेळी या ओळी पडतात."

"म्हणजे चोर माझ्याच खुर्चीवर बसतो!"

चोराच्या धास्तीने शेठ आणखी वेळा डोकावू लागले, ओळी आणखी वाढल्या. सर्व्हरला लिंबू-मिरची बांधून झाली. केबिनची दुसरी चावी होती गजेंद्रकडे, आमच्या सगळ्यात चांगल्या डिझायनरकडे. त्याने कुलदेवी कानबाईची शपथ घेतली, तरी शेठ त्याला कामावरून काढायला निघाले. त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता.

माझं डोकंच फिरलं. "शेठ, उद्या कॉम्प्युटरला हात लावू नका," मी म्हटलं. "केबिनला कुलूप घाला आणि बाहेर बसा. त्या नंबरची एक जरी ओळ पडली तर मलाही काढा."

शेठ दिवसभर केबिनच्या दाराशी खुर्ची टाकून चहा पीत बसले. संध्याकाळी कागदावर केबिनच्या नंबरची एकही ओळ निघाली नाही. मी तो गजेंद्रसमोर नाचवला, तोही बऱ्याच दिवसांनी हसला.

शेठ कागद उलटसुलट करून बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"बघ! मी दारात बसलो, तर चोराला शिरताच आलं नाही. आणि चावी कोणाकडे? गजेंद्रकडे."

गजेंद्रने चावी टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. त्याला वाचवायला गेले आणि शेठच्या हाती पुरावा मीच दिला. मला रडू आवरेना.

शेठ निवांत केबिनमध्ये गेले. एवढं सगळं झाल्यावर डिझाइनं जागेवर आहेत का, हे बघायला नको? त्यांनी बघितलं. चहा आला, तो पिऊन पुन्हा बघितलं.

सकाळी मी लॉगचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. पानभर तेच.

शेठनी खिशातून दोन्ही चाव्या काढून टेबलावर ठेवल्या. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नूतन," ते हळूच म्हणाले, "तिसरी चावी तू कधी बनवून घेतली?"